थिनर न वापरणारा माणूस

कर्जतला आमच्या इमारतीला बाहेरून रंग द्यायचं ठरलं, तेव्हा सोसायटीने ‘सभासदांनी आपापली वाहने झाकून ठेवावीत’ अशी नोटीस लावली. नोटीस अत्यंत शुद्ध मराठीत होती आणि काम सुरू झाल्यानंतर तिसऱ्या दिवशी लागली. तोवर माझ्या गडद निळ्या गाडीवर बदामी रंगाचे इतके थेंब पडले होते की लांबून पाहणाऱ्याला ती कंपनीचीच नक्षी वाटावी. गाडी घेऊन चार महिने झाले होते. सेक्रेटरी म्हणाले, “पाण्याने जाईल.” पाण्याने गेलं नाही. मग मी स्वयंपाकघरातली तारेची घासणी घेतली आणि बॉनेट घासत बसले. शिकलेली बाई रागात असली की काय करू शकते, हे अर्ध्या तासात बॉनेटवर उमटलं. थेंब जागच्या जागी होते. त्यांच्याभोवती फक्त गोल गोल ओरखडे वाढले होते.

मी कुंभिवलीच्या पुढे एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात मालाची तपासणी करते. दुसऱ्या दिवशी आमच्या गेटवरच्या वॉचमनने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, चुकचुकला आणि म्हणाला, “मॅडम, काशादादाकडं जावा. पण कान घरी ठेवून जावा.”

अशी माझी आणि काशिनाथ भोईरांची ओळख झाली.

जुन्या हायवेला लागून पंक्चरवाला आणि चहाची टपरी यांच्या मधे त्यांची पत्र्याची शेड होती. बाहेर पाटी नव्हती. आत एक लाकडी बाक, पाण्याचं पिंप, दोरीवर वाळत घातलेली मऊ फडकी, आणि साठीला टेकलेला एक काटकुळा माणूस, पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या, पूर्ण बाह्यांच्या शर्टात. दिवसभर रंगात हात घालणारा माणूस पांढरा शर्ट का घालतो, असं मी पुढे कधीतरी विचारलं, तेव्हा म्हणाले, “डाग कळावा म्हनून. तुमी लोक काळी गाडी घेता, डाग झाकावा म्हनून.” त्या शर्टावर मी सहा वर्षांत एकही डाग पाहिला नाही. ही गोष्ट मला त्यांच्या कामापेक्षाही अवघड वाटत आली आहे.

पहिल्या दिवशी ते बॉनेटजवळ वाकले, बराच वेळ पाहत राहिले आणि मग अगदी आदराने विचारलं, “भांडी किती राह्यलीत?”

“म्हणजे?”

“नाय, गाडी घासून झाल्यावर घरची भांडी राह्यली असतील ना, म्हनून इचारलं.”

कान घरी ठेवायचे राहिले होते.

“ती घासनी उद्या घेऊन या.”

“कशाला? तिने होणार आहे का काही?”

“लागते.”

मी निमूटपणे घासणी नेली. त्यांनी ती स्वच्छ धुतली, पुसली, शेडच्या मागच्या भिंतीवर ताणलेल्या तारेला अडकवली आणि तिला पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधला. त्यावर बॉलपेनने लिहिलं होतं : ‘डिस्टेंपर. कर्जत. शिकलेल्या बाई.’ तेव्हा माझं त्या भिंतीकडे लक्ष गेलं. तिथे दाढीची पाती होती, सॅंडपेपर होता, नारळाची शेंडी होती, संपलेली टूथपेस्ट, नेलपॉलिश काढायची बाटली, आणि चक्क एक लाकूड तासायची पटाशी. प्रत्येकाला चिठ्ठी होती. पटाशीच्या चिठ्ठीवर ‘इंजिनियर’ एवढंच होतं. आपल्याच गाडीचा सत्यानाश करायला सुशिक्षित माणसाने वापरलेल्या हत्यारांचं ते प्रदर्शन होतं, आणि त्यात आता मलाही कायमचं स्थान मिळालं होतं.

त्यांची पद्धत साधी होती, म्हणूनच ती कुणाला पटत नसे. गाडी सावलीत उभी करायची. पत्रा हाताला गार लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही. मग एका थेंबाला नखाने हळूच विचारायचं (हा त्यांचाच शब्द), की बाबा तू पाण्याचा की तेलाचा? पाण्याचा असला तर कोमट साबणपाण्यात भिजवलेलं फडकं त्याच्यावर पसरून ठेवायचं आणि विसरून जायचं. फुगून सुटतो तो सुटतो. उरलेल्यावर, पत्रा ओला ठेवून, गाड्यांसाठी मिळणारी चिकट माती फिरवायची, वजन न देता, लहान बाळाच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. तेलाचा रंग असला तर रॉकेलचं बोट, तेही आधी दाराच्या आतल्या कडेला, जिथे कुणी बघत नाही तिथे, लावून पाहायचं. सुटलेली कड फडक्यात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने उचलायची. लगेच धुवायचं. शेवटी पॉलिश आणि मेण. “आधी बगायचं, मंग भिजवायचं, मंग गप बसायचं,” असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. यातलं तिसरं कुणालाच जमत नसे. त्यांना तर मुळीच नाही. फडकं भिजत असताना ते गिऱ्हाइकाला भिजवत.

थिनरला मात्र त्यांनी या कामात कधी हात लावला नाही. शेडमध्ये थिनरची बाटली घेऊन येणाऱ्याला ते बाटलीसह बाहेर काढत. आमचेच सेक्रेटरी, पाण्याने जाईल म्हणणारे, आपली लाल गाडी घेऊन तिथे गेले होते. “तीन दिवस लागतील,” काशादादा म्हणाले. सेक्रेटरींना संध्याकाळी पुण्याला लग्नाला जायचं होतं. ते हायवेवर पुढे गेले, तिथे कुणीतरी दहा मिनिटांत थिनरने सगळं साफ करून दिलं. रंगाचे थेंब गेले, तशी चमकही गेली. सगळ्या दारावर पाण्यात दूध घातल्यासारखे पांढरट ढग उठले. लग्नाहून परत आल्यावर ते पुन्हा काशादादांसमोर उभे राहिले.

काशादादांनी दार पाहिलं आणि विचारलं, “लगीन वेळेत लागलं?”

“हो.”

“बरं झालं. येवड्या लांब जाऊन मुहूर्त चुकला असता, तर गाडी फुकट गेली असती.”

मला हे सगळं सेक्रेटरींनीच सांगितलं, संतापाने थरथरत. मी सहानुभूती दाखवली. ती दाखवताना हसू न येऊ देणं फार कष्टाचं होतं.

थिनरचं कारण मला वर्षभराने कळलं. त्यासाठी मी काही खोदून विचारलं नव्हतं. बाकावर बसले होते आणि त्यांना खोकल्याची उबळ आली, चांगली पाच मिनिटं. पाणी पिऊन झाल्यावर स्वतःच म्हणाले, “कंपनीत सतरा वरसं रंगाची फवारणी केली. फ्रीजची दारं. बंद खोली, तोंडाला हातरुमाल. थिनरनं पैला रंग जातो, मंग चमक जाते, मंग वास घेनारा जातो. माझा जोडीदार गेला. मी लेट झालो, येवडंच.” आणि मी चेहरा गंभीर करते आहे हे पाहून लगेच, “तुमी नका तोंड पाडू. तुमची घासनी हाय अजून भिंतीवर.”

त्यांना उद्धट म्हणणारे पुष्कळ होते. मीही सुरुवातीला म्हणत असे. पण एकदा चौक गावाहून एक तरुण आपल्या वडिलांची जुनी मारुती घेऊन आला. बॉनेटवर हिरव्या ऑइलपेंटचे शिंतोडे होते, बारा-पंधरा वर्षांचे, पत्र्यात मुरलेले. गाडी विकायची होती. वडील पुढच्या सीटवर बसले होते आणि खाली उतरायला तयार नव्हते. मुलगा त्यांच्यादेखत सांगत होता, “आईने गॅलरीची जाळी रंगवली होती, तेव्हाचं आहे. बाबा हात लावू देत नव्हते. आता ती गेली, हे चालवत नाहीत, नुसती जागा अडते.”

काशादादांनी एकदा म्हाताऱ्यांकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. “नक्की काय इकायचंय?” त्यांनी विचारलं. “गाडी की बा?”

मुलगा लाल झाला. पण काशादादांनी काम घेतलं. गाडी ठेवून घेतली आणि ‘माती आली नाय’ म्हणून सांगितलं. पुढच्या आठवड्यातही माती आली नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात हवा दमट होती. म्हातारे रोज दुपारी रिक्षाने येत, आपल्या गाडीत बसत, काच खाली करत आणि काशादादांशी भात, पाऊस आणि मूर्ख माणसं या विषयांवर बोलत. शेवटी मुलालाच कंटाळा आला आणि तो गाडी परत घेऊन गेला. ती विकली गेली नाही. चौक गावातून जाताना मी ती अजून पाहते, डागांसकट. काशादादांकडे आलेलं आणि न झालेलं एवढं एकच काम मला माहीत आहे.

आता भाऊंची गोष्ट. नाव सांगत नाही. आपल्याकडे असे तीन-चार भाऊ आहेत, ज्याला जो जवळचा वाटेल तो त्याने घ्यावा. निवडणूक तोंडावर होती आणि भाऊ नुकतेच गावागावांतल्या स्वच्छतेचा विचार करू लागले होते. त्यांच्या खर्चाने एका शाळेची कुंपणभिंत रंगत होती. भिंत रंगवत होती जना निरगुडे, ठाकुरवाडीकडच्या एका वाडीवरची चाळिशीची बाई. शाळेत दुसरीपर्यंतच गेली होती, पण खडूने आखून दिलेलं अक्षर असं भरायची की छापल्यासारखं वाटावं. त्या शनिवारी दुपारी ती बांबूच्या शिडीवर चढून लाल ऑइलपेंटने ‘आपले गाव, स्वच्छ गाव’ लिहीत होती. भाऊ भिंत पाहायला आले, पाहून निघाले आणि त्यांची पांढरीशुभ्र मोठी गाडी मागे येता येता शिडीला धडकली. गाडी भाऊ स्वतः चालवत होते. ड्रायव्हर फोटो काढण्यात गुंतला होता. जना खाली पडली. लाल रंगाचा डबा गाडीच्या मागच्या काचेवर, डिकीवर आणि टपावर पडला.

भाऊ उतरले, त्यांनी गाडी पाहिली. जनाकडे पाहायला वेळ नव्हता. पाचच मिनिटांत त्यांना कळलं, की हा अपघात नाही. हा विरोधकांनी एका अडाणी बाईला हाताशी धरून केलेला भ्याड हल्ला आहे. माणसाला मोठं करणारी दृष्टी ती हीच.

कारखान्याची अर्धी सुट्टी होती आणि मी गाडीला पॉलिश करून घ्यायला शेडमध्ये आले होते. एवढ्यात ती पांढरी-लाल गाडी आत शिरली. ड्रायव्हर उतरला आणि म्हणाला, “काशादादा, सावलीत उभी करू दे. भाऊ हॉलवर कार्यक्रमाला बसलेत. चार वाजता पत्रकारांना घेऊन इथेच येणार, गाडीसोबत फोटो काढणार, मग तक्रार द्यायला जाणार. तोपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं सांगितलंय.”

“कुनाची तक्रार?”

“त्या जनाबाईची. अटकच होणार म्हणतात.”

काशादादा काही बोलले नाहीत. मला वाटतं, मी त्यांना सलग एवढा वेळ गप्प पाहिल्याची ती पहिलीच वेळ. तेवढ्यात, गाडी इकडे आणल्याचं ऐकून, त्यांच्या ओळखीची जना स्वतःच आली, उजवं मनगट डाव्या हातात धरून. मनगट सुजून टम्म झालं होतं. ती आत आली नाही, पिंपाजवळ उभी राहिली.

“दादा, मी काय नाय केलं रं. शिडी त्यांनीच पाडली. मला पोलिसात देनार म्हनतात. माझी पोरगी परीक्षेला बसलीय, तिला काय सांगू?”

“बस हितं,” काशादादा म्हणाले. “हात पान्यात ठेव.” मग ते गाडीच्या मागे गेले आणि खाली बसले. डिकीवर लाल रंग अजून ओला होता, कडेने नुकता सुकू लागला होता. पण ते रंगाकडे पाहत नव्हते. मागच्या बंपरवर, उजव्या कोपऱ्यात, हातभर ओरखडा होता आणि त्यात बांबूचं कुसळ अडकलं होतं. त्यांनी मला बोलावून दाखवलं.

“ह्यो कशाचा वाटतो, शिकलेल्या बाई?”

“शिडीचा,” मी म्हणाले.

ते उभे राहिले आणि ड्रायव्हरला म्हणाले, “जेवलास काय रं?”

“नाही.”

“मंग जा, जेव. सावकास जेव.”

ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं, जनाच्या हाताकडे पाहिलं, आणि तो जेवायला गेला. तो पावणेदोन तास जेवला. भाऊंच्या पगारावर इतकं सावकाश जेवलेला तो पहिलाच माणूस असावा.

एरवी तीन दिवस मागणाऱ्या त्या माणसाने त्या दुपारी काय वेगाने काम केलं, ते मी पाहिलं आहे. ओला रंग आधी सुक्या फडक्यांनी टिपून घेतला, पुसला नाही. पुसला असता तर पसरला असता. मग रॉकेलचं फडकं, लगेच साबणपाणी, पुन्हा रॉकेल, पुन्हा पाणी. मी बादल्या बदलत होते. एवढाच माझा या कथेतला पराक्रम. काचेच्या रबरात शिरलेला रंग त्यांनी प्लास्टिकच्या कार्डाने सुतासुताने बाहेर काढला. खोकला आला की बाहेर जाऊन खोकत आणि परत येत. मी घाबरले होते. “दादा, त्यांनी हात लावू नका म्हणून सांगितलंय. ते तुम्हाला सोडतील का?”

“मला धरून ठिवलंय कुनी?” ते म्हणाले. “बादली आना.”

बंपरच्या त्या कोपऱ्याला मात्र त्यांनी ओलं फडकंही लागू दिलं नाही.

चार वाजता भाऊ आले, दोन पत्रकार आणि दहा-बारा कार्यकर्ते घेऊन. चेहऱ्यावर दुःख आधीच लावून आले होते. शेडच्या तोंडाशी गाडी उभी होती, शोरूममधून आज निघाल्यासारखी. भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग दुसरी गाडी कुठे आहे म्हणून आजूबाजूला पाहिलं.

“डाग कुठायत?” त्यांनी विचारलं.

“गेले की,” काशादादा हात पुसत म्हणाले. “तुमच्यासारक्या मानसानं लाल गाडीतनं फिरायचं म्हंजी बरं नाय दिसत. आमी म्हनलं, येवडी तरी सेवा करावी.”

“तुला कुणी सांगितलं होतं?” भाऊंचा आवाज चढला.

“सांगायला कशाला पायजे? भिंतीवर तुमीच लिवून घेताय ना, सफाई करा म्हनून.” मग पत्रकारांकडे वळून, त्याच नम्र आवाजात, “येकच डाग राह्यलाय. ह्यो मागचा. बांबूच्या शिडीचा हाय, कुसळ पन हाय आत. गाडी मागं घेताना लागलेला दिसतोय. भाऊ, ह्यो काडू, का फोटोला ठिवू?”

एक पत्रकार खाली वाकला. दुसऱ्याने पिंपाजवळ बसलेल्या जनाला विचारलं, “हाताला काय झालं, बाई?”

हायवेवरून एक कंटेनर गेला, तो जाईपर्यंत सगळे थांबले. मग भाऊंना एकदम आठवलं, की ते मोठ्या मनाचे आहेत. जनाबाईंना ताबडतोब दवाखान्यात न्या, खर्च आपण करू, असं त्यांनी मोठ्याने सांगितलं, कॅमेऱ्याकडे बघून. फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी तो छापूनही आला : भाऊ, जना, आणि मागे अर्धे काशादादा, पांढऱ्या शर्टात.

तक्रार झाली नाही. जनाचं मनगट सव्वा महिन्यात जुळलं, पोरगी पास झाली. आणि त्याच सुमारास काशादादांच्या शेडवर, ती रस्त्याच्या रुंदीकरणात येते, अशी नोटीस लागली. पंक्चरवाला आणि टपरी रुंदीकरणात येत नव्हते. रस्ता फक्त मधल्या बारा फुटांतच रुंद होणार होता. तो अजून व्हायचा आहे.

शेड पाडायला माणसं आली, त्या सकाळी मी मुद्दाम वाट वाकडी करून गेले. मला वाटलं होतं, आज तरी हा माणूस कोसळेल. ते पत्रे काढणाऱ्यांना सूचना करत होते. “तो डावा खांब पैला काड रं, नायतर सगळं तुज्या डोक्यावर येईल. सरकारला भरपाई द्यावी लागंल फुकट.” मी म्हणाले, “दादा, वाईट वाटतंय.” तर म्हणाले, “मला बी वाटतंय.” एवढंच. पुढे काही टोमणा येईल म्हणून मी थांबले होते, पण आला नाही. तारेवरची सगळी हत्यारं त्यांनी एका पोत्यात भरली आणि स्कूटरवर पुढे घेतली. ती स्कूटर चिखलाने नखशिखांत माखलेली असे. तिला त्यांनी उभ्या आयुष्यात कधी धुतलं नव्हतं.

नंतर त्यांनी लोधिवलीच्या आत, आपल्या घरामागच्या आंब्याखाली काम सुरू केलं. जनाने हट्टाने पाटी रंगवून दिली. ‘येथे घाई करू नये’ असा मजकूर त्यांनीच सांगितला होता. लोक शोधत शोधत तिथे जात, चार शब्द ऐकून घेत आणि गाडी ठेवून येत. मी वर्षातून एकदा-दोनदा जात असे, कधी गाडीसाठी, कधी उगीच. दर वेळी ते जास्त वाळलेले दिसत, खोकला जास्त लांबलेला. दवाखान्याचा विषय काढला की म्हणत, “डाक्टरनं सांगितलंय, धुरात जाऊ नका. आता श्वास घ्यायला कुटं जाऊ, ते नाय सांगितलं.”

गेल्या माघात ते वारले, त्याच्या तीन आठवडे आधी मी शेवटची गेले. आंब्याखाली एक शाळेची पिवळी बस उभी होती. कुणीतरी तिच्या अंगावर डांबरासारखा काळा रंग उडवला होता. काशादादा पाटावर बसून, नाक पत्र्याला जवळजवळ टेकवून, एका थेंबाची कड उचलत होते. शर्ट अंगावर दोन मापं मोठा झाला होता, पण इस्त्री तशीच. मी मागे जाऊन उभी राहिले. त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं, त्यांनी मला ओळखलं नाही, पाहिलंही नाही. हात जराही हलला नाही.

“कोन हाय ते?” ते म्हणाले. “जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय.”

मी बाजूला झाले.